जालना ते चिकलठाणा रोजचं येणं-जाणं : एसटीचा पास, रोजचं तिकीट की गाडी?

जालना_अपडाऊन

नमस्कार मंडळी. घर जालन्यात, बसस्थानकापासून दोन किलोमीटरवर. पुढच्या महिन्यापासून ड्युटी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवार सुट्टी. बायकोचं ऑफिस सिडको बसस्थानकाजवळ आहे, वेळ जवळपास हीच. घरी पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसी, चार वर्षं जुनी, ४१ हजार किलोमीटर झालेली. टायर कंपनीतून आलेलेच आहेत.

प्रश्न असे आहेत. एसटीचा मासिक पास घ्यावा की तीन महिन्यांचा? बायकोला अर्धं तिकीट लागतं, तर तिच्या पासमध्येही अर्धी सूट मिळते का? संध्याकाळी चिकलठाण्याहून गाडीत जागा मिळते का? आणि कंपनीतले तिघं जण सोबत यायला तयार असतील तर कार परवडेल का? गोल गोल नको, आकड्यांत सांगा.

टप्पा_सहा_किमी

आधी एसटीचा हिशोब कसा चालतो ते समजून घ्या, म्हणजे पासचं गणित घरीच करता येईल. एसटीचं भाडं किलोमीटरवर नसून टप्प्यावर असतं आणि एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. २५ जानेवारी २०२५ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. टप्पा मोडला की पूर्ण टप्प्याचे पैसे लागतात. जालना ते चिकलठाणा ५४ किलोमीटर धरा, म्हणजे ९ टप्पे. सिडकोपर्यंत ६० धरा, म्हणजे १० टप्पे. तिकीट चिकलठाण्याला ९१च्या आसपास आणि सिडकोला १०१च्या आसपास पडेल. दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील, तेव्हा पहिल्या दिवशीच्या तिकिटावरचा आकडा घ्या आणि खालच्या हिशोबात तो टाका.

मासिक पास म्हणजे २० दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. त्रैमासिक म्हणजे ५० दिवसांचं भरायचं आणि ९० दिवस फिरायचं. चिकलठाण्यासाठी मासिक पास २० × २ × ९१ म्हणजे ३,६४० रुपये. महिन्यात २४ दिवस ड्युटी धरली तर रोजच्या तिकिटांचे ४,३६८ होतात, म्हणजे वाचले ७२८. त्रैमासिक पास १०० × ९१ म्हणजे ९,१००. तीन महिन्यांची ७२ दिवसांची तिकिटं काढली तर १३,१०४. इथे चार हजार वाचतात, महिना साधारण ३,०३३ पडतो. खरा फायदा त्रैमासिकमध्येच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पासचे दिवस सलग मोजले जातात, सुट्ट्या वजा होत नाहीत. मासिक पास २० दिवसांच्या वर गेलात तरच फायद्यात आणि त्रैमासिक ५० दिवसांच्या वर. दिवाळीच्या चार दिवस आधी मासिक पास काढला आणि पुढचे आठ-दहा दिवस घरी बसलात तर पास तोट्यात गेला. नोकरी नवीन आहे, शिफ्ट बदलते की काय ते कळेपर्यंत पहिला महिना मासिक घ्या, मग त्रैमासिककडे वळा.

आता ताईंचं. त्यांनी पास मुळीच घेऊ नये. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत तिकीट अर्धं आहे. सिडकोपर्यंत अर्धं तिकीट ५१ धरलं तर २४ दिवसांचे २,४४८ होतात. मासिक पासला ४० पूर्ण तिकिटांचे ४,०४० मोजावे लागतील. महिन्याचे तीसच्या तीस दिवस प्रवास केला तरी ६० अर्धी तिकिटं म्हणजे ३० पूर्ण, आणि पास मागतो ४० पूर्ण. भाडं किती का वाढेना, हे प्रमाण बदलत नाही. त्रैमासिकलाही तेच : ७२ दिवसांची १४४ अर्धी म्हणजे ७२ पूर्ण तिकिटं, पासला १०० लागतात. पासच्या खिडकीवर रांगेत उभं राहण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईला हे सांगा.

घरात ज्येष्ठ असतील तर ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाले की मोफत, वयाचा पुरावा जवळ हवा. आठवीतली-दहावीतली पोरगी रोज जात असेल तर बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास मोफत आहे, शाळेतून फॉर्म भरून घ्यायचा. या सवलती एसटीच्या आहेत. शहरातल्या स्मार्ट बसचं व्यवस्थापन वेगळं, तिथे एसटीचा पास आणि अर्धं तिकीट चालत नाही. उदगीरहून बीदर, देगलूरहून पलीकडे तेलंगणात असा प्रवास असेल तर सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच, पुढचं पूर्ण भाडं.

फलाट_नंबर_तीन

वरचं गणित बरोबर आहे. पण भाऊ, तुमचा पास चिकलठाण्यापर्यंतचा नको, सिडकोपर्यंतचा घ्या. कारण संध्याकाळ.

सकाळी अडचण नसते. जालना आगारातून सुटणारी गाडी फलाटावर रिकामी लागते, बसायला जागा मिळते. परभणी, नांदेड, मंठा, अंबडकडून येणाऱ्या गाड्या जालन्यात येतात तेव्हाच भरलेल्या असतात. त्यांत उतरणाऱ्यांच्या जागेवर डोळा ठेवावा लागतो. म्हणून बोर्डावर नुसतं ‘संभाजीनगर’ वाचून पळू नका, गाडी कुठून आली ते बघा. जालना–संभाजीनगर अशी पाटी असेल तर ती इथलीच.

संध्याकाळी उलटं होतं. मध्यवर्ती बसस्थानकातून निघालेली गाडी क्रांती चौक, सेव्हन हिल करत सिडकोला येते आणि तिथेच गच्च भरते. एमआयडीसीसमोर पोचेपर्यंत पायरीवर माणसं असतात. ड्रायव्हर थांबत नाही, कारण थांबून उपयोग नसतो. सहा ते साडेसात ही वेळ सगळ्यात वाईट. अशा वेळी चिकलठाण्याहून स्मार्ट बसने किंवा शेअर रिक्षाने मागे सिडको बसस्थानकात जा आणि तिथून चढा. अंतर चार-पाच किलोमीटरचं आहे, पण पुढचा तास-सव्वा तास बसून जातो. ताईही तिथेच असणार, त्या आधी पोचल्या तर जागा धरतील.

पास चिकलठाण्यापर्यंतचा असेल तर सिडको ते चिकलठाणा या तुकड्याचं तिकीट रोज वेगळं काढावं लागेल. सिडकोच्या मासिक पासला ४०० रुपये जास्त लागतात. तुकड्याचं तिकीट ११ रुपयांच्या खाली मिळणार नाही आणि २४ संध्याकाळी ते काढलं तर २६४ होतात. कागदावर १३६ रुपये वाचले, पण रोज सुट्टे शोधणं आणि गर्दीत कंडक्टरला समजावणं आलं. शिवाय एखाद्या दिवशी सकाळीच सिडकोला काम निघालं तर पुन्हा तिकीट. मी सिडकोचाच पास सुचवेन.

गाडीच्या प्रकाराकडेही लक्ष द्या. साध्या गाडीचा पास साध्या गाडीलाच लागू, शिवशाहीत बसलात तर तो तसाच चालणार नाही. पास काढतानाच खिडकीवर विचारून घ्या की वरच्या प्रकारच्या गाडीत फरक भरून बसता येईल का आणि तो कसा लावतात. विनावाहक-विनाथांबा गाडीत कंडक्टर नसतो, तिकीट स्थानकातच मिळतं आणि ती मध्ये कुठेच थांबत नाही. करमाड, शेंद्रा, चिकलठाणा असं मधलं ठिकाण असेल तर तिच्यात चढू नका, थेट सिडकोलाच उतराल. जलद गाडीही ठरलेल्या थांब्यांवरच थांबते, म्हणून पाय ठेवण्याआधी ‘चिकलठाणा एमआयडीसीला थांबणार का?’ एवढं कंडक्टरला विचारायचंच.

पास मूळ जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही, मार्गावर तपासणी पथक चढलं तर विनातिकीट धरतात. पास प्लास्टिकमध्ये घाला, पावसाळ्यात शाई पसरते आणि तारीख वाचता आली नाही की वाद होतो. तिकीट काढणाऱ्यांना आता मशीनवर यूपीआय चालतं, पण बदनापूर-करमाडच्या मध्ये रेंज गेली तर पैसे कापलेले दिसतात आणि तिकीट निघत नाही. ताईंनी ५० आणि १च्या नोटा-नाणी वेगळी ठेवावीत.

स्टेपनी

गाडीचं मी सांगतो. जाऊन-येऊन १०८ किलोमीटर. मीटरवर १८चं ॲव्हरेज दिसत असेल तर ६ लिटर, १०५ रुपयांनी ६३०. पण मार्चपासून जूनपर्यंत एसी बंद ठेवून हा रस्ता होत नाही. एसी लावून, चार माणसं बसवून, सिडकोकडच्या सिग्नलांसकट १५.५ धरा. मग ७ लिटर, ७३५ रुपये. वर्षाची सरासरी ६८० धरू. २४ दिवसांचे १६,३२०.

याच्यावर झीज येते आणि तीच लोक मोजत नाहीत. महिन्याला २,६०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ३१ हजार. १० हजाराला एक सर्व्हिसिंग धरली तर वर्षाला तीन. टायरचा सेट साधारण ४० ते ४५ हजारांत जातो, म्हणजे दर दीड वर्षाला चार टायर. ब्रेक पॅड, बॅटरी, अलाइनमेंट सगळं धरून किलोमीटरला एक रुपया बाजूला काढा, २,६०० झाले. एकूण महिना १८,९०० ते १९ हजार.

एकट्याने गेलात तर हे एसटीच्या पासच्या साडेचार-पाच पट आहे. तुम्ही दोघं नवरा-बायकोच गेलात तरी एसटीचे दोघांचे मिळून साडेसहा हजार आणि गाडीचे एकोणीस. चौघांत वाटले तर माणशी ४,७५०, म्हणजे पासच्या जवळ येतं. चार जण रोज असले तरच कार. तिसरा-चौथा आठवड्यातून दोन दिवस दांडी मारणार असेल तर गणित मोडलं. ठरवताना पेट्रोलचे पैसे वाटून चालणार नाही, किलोमीटरचे ठरवा : ७ रुपये ३० पैसे किलोमीटर, भागिले माणसं. महिन्याच्या एक तारखेला आगाऊ घ्या, म्हणजे दांडीचा वाद उरत नाही.

कंपनीतल्या ओळखीच्या माणसांत खर्च वाटून घेणं वेगळं. फाट्यावरून अनोळखी सवारी उचलून भाडं घेणं वेगळं. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं घेतलं की तो परवान्याचा भंग ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून दावा अडवते. त्या शंभर रुपयांसाठी हे करू नका.

समृद्धीचा विचार मनात असेल तर रोजच्यासाठी काढून टाका. निधोन्याच्या बाजूला जाऊन चढायचं, शेंद्र्याला उतरायचं, दोन्हीकडचा वळसा आलाच. कारचा टोल १ एप्रिल २०२५पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे, ३० किलोमीटर धरले तरी एका बाजूचे ६२. वाचणारी दहा-पंधरा मिनिटं चिकलठाण्याच्या सिग्नलवर परत जातात. तीन हजारांत २०० फेऱ्यांचा फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५पासून आला, तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे, समृद्धीवर चालत नाही.

काळी_माती

स्टेपनी यांच्या हिशोबात टायर आले, पण या प्रश्नकर्त्याचे टायर चार वर्षांचे आणि ४१ हजार चाललेले आहेत. हे सगळ्यात आधी बघा, पहिल्या दिवशी निघायच्या आधी.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं उलटली की नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर त्याहून लवकर जातात. खोबणीत छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला. पावसाळ्यासाठी तर ३ मिलिमीटरच्या खाली वाट बघू नये. तुमचे ४१ हजार झालेत, म्हणजे ते आता शेवटच्या टप्प्यात आहेत.

आता हवेबद्दल. आपल्याकडे उन्हाळ्यात ‘दोन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर फुटेल’ असं पंपावरचा पोरगा सांगतो आणि लोक ऐकतात. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, दुमडण्यातूनच उष्णता तयार होते आणि त्यात ४२ अंशांच्या उन्हात तापलेलं डांबर मिळतं. आतले थर सुटतात आणि टायर फुटतो तो कमी हवेने. तापमान ५-६ अंश वाढलं की हवेचा दाब साधारण १ पॉइंट वाढतो, हे कंपनीने आकडा ठरवताना धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, तोच आकडा ठेवा. पूर्ण भारासाठी मागच्या टायरांचा वेगळा, वरचा आकडा दिलेला असतो. चार माणसं रोज बसणार असतील तर तो घ्या. मोजायचं गार टायरवर, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. बदनापूरला थांबून तापलेल्या टायरची हवा ‘जास्त दिसते’ म्हणून सोडू नका. महिन्यातून एकदा डिकीतल्या चाकाचीही हवा बघा, नेमकं तेच लागतं त्या दिवशी बसलेलं असतं.

एप्रिल-मेमध्ये दुसरी अडचण इंजिनच्या तापमानाची. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, आत थर धरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, तिच्यात धूळ, कापसाचे तंतू आणि किडे बसतात. त्यामुळे एसीही थंड करत नाही आणि काटाही चढतो. दोन महिन्यांतून एकदा साध्या पाइपने, कमी दाबाने धुवा. प्रेशर गनने जाळीच्या पात्या वाकतात. रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, काचा खाली घ्या आणि बाजूला थांबा. बोनेट उघडा, पण टोपी नाही. ३०-४० मिनिटं हात लावायचा नाही, उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं.

पावसात आपल्या भागाचा वेगळा धोका आहे. डांबराच्या कडेला काळी माती आहे. कोरडी असताना ती दगडासारखी आणि एक सर पडली की लोणी. समोरून कोणी आलं म्हणून डावी चाकं खाली उतरवली की गाडी कडेला ओढली जाते आणि स्टेअरिंग ऐकत नाही. उतरलीच तर ब्रेक मारू नका आणि झटक्याने वर घेऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, वेग ३०च्या आत आला की हळूच वर घ्या. शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांची माती डांबरावर टाकत जातात, पहिल्या पावसात तो पट्टा बर्फासारखा होतो. लांबून रस्ता तपकिरी दिसला की वेग तिथेच कमी करा.

दिवाळीनंतर मार्चपर्यंत ऊस. संध्याकाळी साडेसातला अंधारात निघणार असाल तर हे वाचाच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या दिव्यांवर, ४०-५० मीटर दिसतं. ६० किलोमीटर वेगाने ब्रेक लावायचं डोक्यात येईपर्यंत २५ मीटर गेलेले असतात आणि थांबायला आणखी २० लागतात. म्हणजे डिपरवर ६०च्या वर गेलात तर दिसलेल्या ट्रॉलीच्या आत थांबता येत नाही. काच आतून-बाहेरून पुसलेली हवी, समोरच्या दिव्याचा उजेड मळक्या काचेवर पसरला की ट्रॉली दिसतच नाही. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, आपल्याकडे त्याचा कंटाळा फार.

जालना_अपडाऊन

मनापासून आभार. मग असं ठरवतो : पहिला महिना सिडकोचा मासिक पास, बायकोचं अर्धं तिकीट, नंतर त्रैमासिक. गाडी घरीच. ती महिन्यात दोन-तीनदाच निघाली तर बॅटरी बसेल का? आणि शेवटची गाडी चुकली तर दुसरा काही मार्ग?

स्टेपनी

बॅटरी चार वर्षांची असेल तर बसू शकते. आठवड्यातून एकदा २५-३० मिनिटं रस्त्यावर चालवा. नुसती दारात चालू करून पाच मिनिटांत बंद केली तर स्टार्टरने खाल्लेली वीजही भरून निघत नाही. डॅशकॅम किंवा चार्जर लावलेला असेल तर काढून ठेवा. हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा, पावसाळ्यात ब्रेक चिकटतात. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायर कुरतडतात, म्हणून आठवड्याला एकदा बोनेट उघडून बघा. आणि टायरची तारीख आजच वाचा, गाडी कमी चालणार असली तरी.

फलाट_नंबर_तीन

लांब पल्ल्याच्या रात्रीच्या गाड्या जालन्यावरून जातात, त्यामुळे स्थानकात अडकून पडायची वेळ सहसा येत नाही. फक्त त्या सिडकोलाच पकडा, चिकलठाण्याला उभं राहू नका. सिडकोच्या चौकशी खिडकीवरून संध्याकाळी सहानंतर जालन्याकडे सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा एकदा कागदावर उतरवून घ्या, कोणती साधी आणि कोणती विनाथांबा तेही सोबत लिहा. रेल्वे हाही पर्याय आहे, मराठवाडा एक्सप्रेस आणि पॅसेंजर या मार्गावर आहेत, पण तुमचं साडेनऊचं टायमिंग जुळतं का ते वेळापत्रकात बघा. जालन्याच्या स्टेशनपासून तुमचं घर किती लांब आहे?

जालना_अपडाऊन

स्टेशन चार किलोमीटर, बसस्थानक दोन. टायर बघून आलो, आकडा १९२१. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत.

काळी_माती

आतल्या कडेने झिजलेत म्हणजे अलाइनमेंट बिघडलेली आहे, बहुतेक चाकं पुढून बाहेर फाकलेली. नवीन टायर टाकून अलाइनमेंट केली नाही तर तेही दहा-पंधरा हजारांत असेच जातील. आधी गाडी वर घेऊन खालचे जोड आणि बुश बघायला सांगा, ते ढिले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही. क्रम असा ठेवा : बुश, मग टायर, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. दोनच टायर घेणार असाल तर नवीन मागे टाका आणि मागचे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरला तर गाडी सावरत नाही, पुढचा घसरला तर वेग कमी करून सावरता येते.